जुनी डिझेल टाकी काढणे आणि खालची माती : प्रकल्प नोंदी

6 जानेवारी : पाहणी

इमारतीच्या मागच्या आवारात जमिनीखाली आडवी टाकी. एकपदरी पोलाद, क्षमता 10,000 लिटर, व्यास 2 मीटर, लांबी 3.2 मीटर, पत्रा 6 मिलिमीटर. वर 90 सेंटिमीटर भराव, त्यावर 15 सेंटिमीटरचा काँक्रीट स्लॅब. जनरेटरचं डिझेल इथून जायचं. जनरेटर हलवला, टाकी तशीच राहिली.

जुना नकाशा मिळाला. टाकी बरोबर दाखवली आहे, पाइप मात्र एकाच तुटक रेषेत उरकलेत. जनरेटरला पाइप दोन लागतात, सक्शन (टाकीतून डिझेल ओढणारा) आणि रिटर्न (उरलेलं परत आणणारा). दुसरा कुठून गेलाय ते जमीन उघडल्यावरच कळणार.

मालकांकडचे व्यवस्थापक सरळ म्हणाले, "साहेब, टाकीची गळती चाचणी झालीय, पास आहे. मग माती कशाला तपासायची?" प्रश्न रास्त आहे, म्हणून चाचणीचा अहवालच मागवला. पास म्हणजे गळती शून्य, असं नसतं. या चाचण्यांची सर्वसाधारण पकड तासाला 0.38 लिटर. त्याहून बारीक गळती चाचणीला दिसत नाही, आणि तासाला 0.38 म्हणजे दिवसाला नऊ लिटर. दुसरी गोष्ट अहवालातच लिहिली आहे, फक्त शेवटच्या पानावर: चाचणीच्या वेळी पाइप टाकीपासून तोडून बंद केले होते. म्हणजे पास झाली ती टाकी. पाइपांची परीक्षा झालेलीच नाही.

माती तपासणी कामात राहिली.

8 जानेवारी

साठ्याच्या नोंदवह्या चाळल्या. रोजची डिप (रॉड बुडवून मोजलेली पातळी), आलेलं डिझेल, वापरलेलं डिझेल, फरक. फरक कधी अधिक, कधी उणे, आणि कोणी काळजी करावी असा कधीच नाही. पण यातून गळती नव्हती हे सिद्ध होत नाही. डिझेलचं तापमान एक अंशाने वाढलं की हजार लिटरमागे साधारण 0.8 लिटर फुगतं. टाकी भरलेली असेल आणि टँकरमधून दहा अंश गरम माल आला असेल, तर नुसत्या तापमानानेच ऐंशी लिटरचा फरक. एवढ्या गोंगाटात आठवड्याला लिटर-दोन लिटरची गळती वहीत सापडत नाही.

9 जानेवारी : टाकी रिकामी

डिप रॉडच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावून रॉड सोडला. तळापासून 6 सेंटिमीटरपर्यंत रंग बदलला. टाकीच्या आकारावरून हिशेब केला तर तळाशी नव्वद लिटरच्या आसपास पाणी. जुन्या डिझेल टाकीत हे ठरलेलंच. रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी बनते आणि डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या पातळीवर जिवाणू-बुरशी वाढतात. पंपाच्या नळीतून शेवटी जे आलं ते तपकिरी, चिकट, शेवाळासारखं ओघळणारं होतं. पोलाद आतून खायला हाच थर सुरुवात करतो.

आधी वरचं डिझेल वेगळ्या टँकरमध्ये, मग पाणी आणि गाळ व्हॅक्यूम टँकरने वेगळे. एकत्र केले असते तर सगळंच घातक कचऱ्यात गेलं असतं. दोन्ही टँकरना आणि टाकीला एकच अर्थिंग. नळीतून द्रव वाहताना स्थिर वीज साचते, ती कुठेतरी जायला हवी.

12 जानेवारी : वायू

मुकादमांचं ठाम मत: "डिझेल आहे, पेट्रोल नाही. काडी टाकली तरी विझते." थंड डिझेलबाबत ते बरोबरच आहेत. डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे पेट घेण्याइतकी वाफ सुटण्याचं तापमान, सहसा पन्नास अंशांच्या वर, पेट्रोलचा शून्याखाली चाळीसच्या आसपास. पण कटर लावला की पत्रा काही क्षणांत शेकडो अंश तापतो, गंजाच्या पापुद्र्यामागे अडकलेल्या डिझेलची वाफ होते, आणि मग आत जे मिश्रण तयार होतं त्याला आपण डिझेल आहोत हे माहीत नसतं. शिवाय या टाकीत आधी कधी पेट्रोल नव्हतंच असं लिहून द्यायला कोणी तयार नाही.

ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकून टाकीतली हवा बाहेर काढायचं ठरलं. प्रमाण हजार लिटरला दोन किलोच्या आसपास धरलं, म्हणजे वीस किलो. एक किलोपासून साधारण अर्धा घनमीटर कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे वीस किलोतून टाकीच्या पोटापेक्षा थोडा जास्तच. ढेकळं फोडून तळभर पसरली जातील अशी सोडली. चामडी हातमोजे. व्हेंट पाइप (हवा जायची नळी) सोडून बाकी सगळी तोंडं बंद.

मीटरबद्दल इथे लिहून ठेवतो, कारण साइटवर यावरून वाद झाला. ज्वलनशील वायूचा आपला नेहमीचा मीटर आत थोडा वायू जाळून मोजतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या टाकीत तो मीटर शून्य दाखवेल, आणि त्या शून्याला काही अर्थ नाही. म्हणून आधी ऑक्सिजन पाहायचा. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी ऑक्सिजन 8 टक्क्यांखाली आल्यावरच पुढचं काम.

खड्ड्यात उतरणाऱ्यांना वेगळी ताकीद दिली. हा वायू हवेपेक्षा जड आहे, टाकीतून सांडला की खड्ड्याच्या तळाला साचतो, आणि त्याला वास नाही.

14 जानेवारी

रात्री पाऊस. खोदाई एक दिवस पुढे ढकलली. स्लॅबवर ताडपत्री, भोवती मातीचा बांध.

15 जानेवारी : खोदाई

स्लॅब फोडला. वरचा भराव पोकलेनने उचलून एका बाजूला रचला. खाली प्लास्टिक, वर ताडपत्री, कडेपासून ढीग लांब. भिंती उतरत्या ठेवल्या, शिडी लावली. टाकीभोवतीची माती वेगळ्या ढिगात.

दुपारपर्यंत टाकीची पाठ उघडी पडली आणि दुसरा पाइपही सापडला. रिटर्न लाइन. नकाशातल्या रेषेपासून बरीच बाजूला, फक्त 70 सेंटिमीटर खोलीवर, सरळ इमारतीच्या भिंतीकडे गेलेली. भिंतीपासून 1.1 मीटरवर आटे पाडलेला एल्बो (वळणाचा जोड), तिथून वळून वर.

एल्बोखालची माती राखाडी-हिरवट. आजूबाजूची तांबूस. असा रंग दिसला की हात थांबवायचा. डिझेल खाणारे जिवाणू मातीतला ऑक्सिजन संपवतात, मग लोहावर जगतात, आणि लोहाचा तांबूसपणा जातो. पहारीने थोडी माती सोडवली, पिशवी अर्धी भरली, ढेकळं बाहेरूनच चुरली, दहा मिनिटं उन्हात ठेवून पीआयडी मीटरची (हवेतली इंधनाची वाफ मोजणारा) नळी आत घातली: 165 पीपीएम. लगतच्या तांबूस मातीत 2. पेट्रोल असतं तर हाच आकडा हजारांत गेला असता. डिझेल फारसं उडत नाही, म्हणून पीआयडीला ते नेहमी कमीच दिसतं. हा आकडा म्हणजे मातीतलं प्रमाण नव्हे. इथून नमुना घ्या, एवढंच तो सांगतो.

वास घेऊन ठरवू नका असं मुलांना पुन्हा सांगितलं. आरोग्याचं कारण आहेच, पण पाच मिनिटांत नाक सरावतं आणि मग घाण मातीही स्वच्छ वाटते.

सगळ्यांचं लक्ष टाकीकडे होतं. घाण निघाली पाइपाखाली, आणि तीही रिटर्नच्या. त्याचं कारण साधं आहे. सक्शन लाइनमध्ये पंप ओढत असतो. भोक पडलं तर चालू इंजिनात आधी हवा आत शिरते, इंजिन अडखळतं आणि ऑपरेटर त्याच दिवशी तक्रार करतो. रिटर्न लाइनमध्ये उरलेलं डिझेल दाबाने परत येतं. तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर जातं आणि इंजिन मजेत चालू राहतं. तक्रार कोण करणार? एल्बोवरच का, याचंही उत्तर हातात आलं. आटे पाडताना पाइपाची बरीच जाडी खरवडली जाते आणि त्या उघड्या आट्यांवर लेप नसतो. गंजाला तीच सर्वात पातळ जागा मिळते.

एल्बो पान्याने सोडवायचा प्रयत्न केला नाही. दोन्ही बाजूंनी पाइप कापून तो तुकडा तसाच पिशवीत घालून ठेवला. आट्यांच्या खालच्या बाजूला नखाएवढी फट दिसते.

16 जानेवारी : टाकी बाहेर

सकाळी पुन्हा ऑक्सिजन तपासला, मग पाइपांची तोंडं प्लगने बंद. व्हेंटसाठी एकच बारीक छिद्र उघडं, नाहीतर उन्हात दाब वाढतो.

टाकी आजच उचलायचा आग्रह धरला त्याचं कारण पाणी. चाचणी बोअरमध्ये पाण्याची पातळी 3.6 मीटरवर, टाकीचा तळ 3.05 मीटरवर. पावसाने पातळी चढतेय. रिकाम्या टाकीचं वजन सव्वा टन, आणि पूर्ण पाण्याखाली गेली तर तिला वर ढकलणारं बळ दहा टनांचं. डिझेलने काठोकाठ भरली तरी सगळं मिळून दहा टन होत नाही, म्हणजे तशीही ती तरंगेल. इतकी वर्षं तिला खाली धरलं होतं ते वरच्या मातीने आणि स्लॅबने, आणि तेच आपण काल काढलं.

क्रेनने दोन पट्ट्यांवर उचलली. उचलायच्या कड्यांवर भरवसा ठेवला नाही. जुन्या टाकीची कडी कधीची गंजलेली असतात. खाली कोणी नाही, दोरीने दिशा दोघांनी सांभाळली. हे काम वीस मिनिटांत उरकलं.

टाकीखाली वाळूचा थर, ओला पण स्वच्छ. कोपऱ्यात झिरपलेलं पाणी साचलं होतं आणि त्यावर इंद्रधनुषी तवंग. एक मुलगा ओरडलाच, "साहेब, तेल!" काठी घेऊन तवंग ढवळला. त्याचे कोनदार तुकडे झाले आणि ते तसेच वेगळे राहिले. तेलाचा तवंग असा तुटत नाही, काठी फिरली की तो ओढला जातो आणि मागे पुन्हा मिळून येतो. हे लोहजिवाणूंचं पापुद्र्यासारखं कवच. तरी पाण्याचा नमुना घेतला, कारण काठीचा निकाल अहवालात लावता येत नाही.

16 जानेवारी, दुपार : नमुने

टाकीच्या दोन्ही टोकांखाली एकेक, मध्ये एक, खड्ड्याच्या चार भिंतींत एकेक, फिल पाइपाखाली (टाकी भरायचा पाइप) एक, सक्शन आणि रिटर्नच्या मार्गावर दर पाच-सहा मीटरला, आणि एल्बोखाली वेगवेगळ्या खोलीवर. आवाराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे डिझेल कधी गेलेलं नाही, तिथला एक. तो नसेल तर मूळ मातीत काय होतं यावर नंतर वाद घालता येत नाही.

खड्ड्यात कोणी उतरलं नाही. पोकलेनने बादलीत माती वर आणली, बादलीच्या पत्र्याला लागलेली सोडून मधली घेतली. वाळूच्या थरातली माती चालत नाही, त्याखालची मूळ माती हवी. वाळूतून डिझेल धुऊन खाली जातं आणि वाळू निर्दोष दिसते. दर नमुन्याला नवे हातमोजे. बरणी काठोकाठ, झाकण घट्ट, बर्फाच्या पेटीत 4 अंशांजवळ. बेंझीनसारख्या उडणाऱ्या द्रव्यांसाठी वेगळा नमुना: छोट्या सिरिंजने मातीची कांडी काढून लगेच मिथेनॉलच्या बाटलीत. ती माती चमच्याने ढवळत बसलं तर जे मोजायचं तेच उडून जातं. हस्तांतरण पत्रकावर प्रत्येकाची वेळ आणि सही.

तपासायचं ते: डिझेल श्रेणीतले हायड्रोकार्बन, बेंझीन-टोल्युइन-इथाइलबेंझीन-झायलीन, नॅप्थॅलीन आणि बाकीचे पीएएच (अनेक वलयांचे हायड्रोकार्बन). पेट्रोलबद्दल खात्री नाही, आणि जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, म्हणून काही नमुन्यांत शिसंही.

17 जानेवारी : टाकीची तपासणी

बाहेरचा डांबरी लेप बहुतेक शाबूत. अल्ट्रासॉनिक गेजने जाडी घेतली: पाठीवर 5.8, कुशीला 5.5, तळाच्या रेषेवर 3.9 मिलिमीटर. डिप पाइपाच्या बरोबर खाली वाटीएवढा खोलगट भाग, तिथे 2.7. रोज रॉड आपटून आपटून तिथला गंज झडत गेला आणि खालचं नवं पोलाद उघडं पडत राहिलं. आरपार भोक एकही नाही. चाचणीने टाकीला पास केलं ते बरोबरच केलं होतं.

धुऊन, पुन्हा वायू तपासून, पत्र्याला मोठी छिद्रं पाडली म्हणजे कोणी साठवणीला वापरणार नाही. अंगावर रंगाने लिहिलं: डिझेलची टाकी, पाणी किंवा अन्न साठवू नये.

28 जानेवारी : निकाल

डिझेल श्रेणीचे आकडे, मिलिग्रॅम प्रति किलो: टाकीखाली 22, 31, 27. भिंतींत सगळे 50 च्या आत. फिल पाइपाखाली 310, भरताना सांडलेलं. सक्शन मार्गावर किरकोळ. एल्बोखाली 0.8 मीटरवर 6,400, 1.5 मीटरवर 3,900, 2.1 मीटरवर 1,700. दूरचा नमुना 140. मंजूर आराखड्यातलं लक्ष्य 500. बेंझीन कुठेच मोजण्याएवढं नाही, नॅप्थॅलीन फक्त एल्बोपाशी. शिसं मूळ मातीइतकंच. खड्ड्यातलं पाणी स्वच्छ.

व्यवस्थापकांनी नेमका 140 वर बोट ठेवलं: जिथे डिझेल नव्हतंच तिथे 140, मग तुमच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? प्रयोगशाळेकडून आलेख मागवले. नमुन्यातला प्रत्येक घटक त्यात वेगळं शिखर म्हणून दिसतो. दूरच्या नमुन्यातली शिखरं जड बाजूला, 27 आणि 29 अशा विषम कार्बनसंख्येची. ते पानांच्या मेणातून येतं, वरच्या थरात कुजलेला पाला होता. एल्बोच्या आलेखात डिझेलची नेहमीची कंगव्यासारखी रांग. कडेच्या नमुन्यांत मात्र ती रांग जवळजवळ पुसलेली, प्रिस्टेन आणि फायटेन ही दोनच शिखरं ताठ. जिवाणू सरळ साखळ्या आधी खातात, या दोन फांद्या फुटलेल्या साखळ्या मागे उरतात. कडेचं जुनं, मधलं ताजं. म्हणजे फट एकदाच पडून थांबली नव्हती, जनरेटर हलवेपर्यंत ठिबकतच होती.

नुसता एकूण आकडा वाचून निर्णय घेणारे बरेच पाहिलेत. आलेख मागवायला एक फोन लागतो.

3 फेब्रुवारी : एल्बोखालची माती

2.5 बाय 2 मीटर, खोली 2.3 मीटरपर्यंत, बाजू उतरत्या. दूषित माती जागच्या जागी साधारण 9 घनमीटर. सुटी झाल्यावर फुगते, म्हणून ट्रकचा हिशेब साडेअकराने केला. सगळ्या मातीत सरासरी काढली तर डिझेल साठ लिटरच्या आसपास निघतं. एवढं वर्षानुवर्षं जाऊनही वहीत दिसलं नाही, यात नवल नाही.

भिंतीच्या बाजूला अडचण आली. पाया 1.5 मीटरवर बसलाय. राखाडी पट्टा त्याखाली जातो. पायाच्या कडेपासून 45 अंशांच्या रेषेआत खोदायचं नाही असं संरचना अभियंत्यांनी सांगितलं, आणि मलाही तेच पटतं. पायाला टेकू देऊन आत शिरता येईल, पण थोड्या डिझेलसाठी चालत्या इमारतीचा पाया उघडा करणं मोठा धोका. तिथली मातीची पाचर राहू दिली. खोदाई जिथे थांबली त्या कडेचा नमुना घेतला.

फिल पाइपाखालची माती लक्ष्याच्या आत असली तरी हातासरशी काढली. पोकलेन तिथेच उभा होता.

14 फेब्रुवारी

खड्ड्याच्या तळाचे आणि तीन बाजूंचे नमुने 500 च्या आत. भिंतीकडचा 1,150. इमारतीच्या आत त्याच भिंतीलगत फरशीला बारीक छिद्र पाडून खालची हवा तपासली: पीआयडी 0.3, नॅप्थॅलीन नाही. या आधारावर पाचर जागेवर ठेवण्याचा प्रस्ताव पाठवला, सोबत भूजलाचे नमुने घ्यायला निरीक्षण विहीर.

19 फेब्रुवारी

प्रस्ताव मान्य. अट: विहीर पाण्याच्या उताराच्या बाजूला, चार तिमाही नमुने. सुरुवातीला वेगळा रचलेला वरचा भराव तपासून स्वच्छ निघाला, तोच परत वापरला. 25 सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर दबाई. विहिरीची जाळी (जिथून पाणी आत येतं तो भाग) पाण्याच्या पातळीच्या खाली आणि वर दोन्हीकडे ठेवून घेतली, कारण डिझेल पाण्यावर तरंगतं. पूर्ण पाण्याखाली जाळी बसवली तर विहीर कायम निर्दोषच दिसेल.

27 मे

पहिला तिमाही नमुना. पाणी 3.4 मीटरवर, तवंग नाही, विरघळलेलं डिझेल मोजण्याएवढं नाही.

24 ऑगस्ट

पावसाळी पातळी, 2.6 मीटर. या वाचनाची खरी वाट पाहत होतो, कारण पाणी पाचरीच्या जवळ येतं ते आत्ताच. 90 मायक्रोग्रॅम प्रति लिटर, मंजूर मर्यादेच्या आत. बेंझीन नाही.

30 ऑगस्ट

दोन वाचनं बाकी: नोव्हेंबर आणि फेब्रुवारी. नव्या नकाशात पाचरीची जागा इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासून अंतर मोजून दाखवली, खोली 1.5 ते 2.3 मीटर. रिटर्न लाइनचा खरा मार्गही त्यात घातला. कापलेला एल्बो लेबल लावून व्यवस्थापकांच्या ताब्यात दिला. त्यांच्या दुसऱ्या आवारात अशीच एक टाकी चालू आहे. तिथे या वेळी चाचणी पाइपांसकट घ्यायची, असं त्यांनी स्वतःहून कळवलं आहे.